चूल न पेटवता इफ्तार

रमजानच्या महिन्यात असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची नमाज झाली की नगरच्या मुकुंदनगर, झेंडीगेट, कोठला भागातल्या घरांतून तापलेल्या तेलाचा वास येऊ लागतो. भजी, समोसे, कटलेट अशी तयारी सुरू होते. पहाटेपासून पाण्याचा थेंबही न घेतलेली घरची बाई तास-दीड तास गॅससमोर उभी राहते. बाहेर मार्चचं ऊन आणि आत कढई. सूर्य मावळतो, मगरिबची अजान होते, घरातले सगळे दस्तरखानाभोवती बसलेले असतात आणि ती शेवटचा घाणा काढत असते.

इफ्तारच्या आधीची ही घटका रोजेदारासाठी फार मोलाची. या वेळी मागितलेली दुआ परत फिरत नाही, अशी श्रद्धा आहे. म्हणून पुरुष आणि मुलं हात उंचावून शांत बसतात. जिने सगळ्यांसाठी रांधलं, तिच्या हातात मात्र त्या वेळी झारा असतो.

खरं तर रोजा सोडण्यासाठी झाऱ्याची गरजच नाही. रोजा खजुराने सुटतो. प्रेषित मुहम्मद (स.) ताज्या, ओल्या खजुरांनी रोजा सोडत, ते नसले तर सुक्या खजुरांनी, आणि तेही नसले तर पाण्याच्या काही घोटांनी. ही नोंद हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या आचार-उच्चारांच्या संग्रहात आहे. काकडी आणि ओले खजूर एकत्र खाल्ल्याचा उल्लेखही आहे. कलिंगडाच्या जातीचं फळ खजुराबरोबर ते खात, एकाच्या उष्णतेला दुसऱ्याचा थंडावा उतारा म्हणून. या ताटातल्या एकाही पदार्थाला आच लागलेली नाही.

याहून मोठी गोष्ट हजरत आयशा (रजि.) यांनी आपला भाचा उर्वा याला सांगितली आहे. दोन महिन्यांत तीन वेळा नवा चंद्र दिसे, पण प्रेषितांच्या घरी चूल पेटलेली नसे. मग तुम्ही जगत कशावर होता, असं भाच्याने विचारलं. खजूर आणि पाणी, असं उत्तर मिळालं. शेजारच्या काही अन्सारी घरांत दुभती जनावरं होती, तिथून कधी दूध येई, हेही त्यांनी सांगितलं. ही हौस नव्हती, टंचाई होती. पण त्या टंचाईतूनही दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. अन्नासाठी दर वेळी आग लागतेच असं नाही, आणि ताट शेजाऱ्याच्या घरापर्यंत पोहोचलं पाहिजे.

आज शहरांत ‘व्हीगन’ हा शब्द बराच ऐकू येतो. मांस, मासे, अंडी नाहीतच. शिवाय दूध, दही, तूप आणि मधही नाही, केवळ वनस्पतीपासून मिळालेलं अन्न. त्यातले काही जण आणखी एक पाऊल पुढे जातात आणि ते अन्न न शिजवता खातात. ऐकायला हे परदेशातलं खूळ वाटतं. पण मराठी घराच्या डब्यांत आणि सणांत डोकावलं तर ओळखीच्या कितीतरी गोष्टी सापडतात. गणपतीच्या आरतीनंतर मिळणारी खिरापत घ्या. खारीक, खोबरं, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस अशी ‘ख’ने सुरू होणारी पाच नावं. काही घरी खोबरं-खसखस किंचित भाजून घेतात, बाकी तिथे चुलीचं काम नाही. तिच्यातली खारीक म्हणजे इफ्तारच्या खजुराची वाळलेली बहीणच. पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पानं, भिजवलेली हरभरा डाळ, जिरं, हिंग आणि गूळ वाटून जो प्रसाद होतो, तोही न शिजवलेला. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरतात आणि बशीत आंब्याची डाळ देतात.

गेल्या काही वर्षांत हे सण रमजानला येऊन भिडले आहेत. २०२३ मध्ये २२ मार्चला पाडवा झाला आणि २४ मार्चला पहिला रोजा. २०२४ मध्ये ९ एप्रिलला पाडवा, ११ एप्रिलला ईद. २०२५ मध्ये ३० मार्चला पाडवा आणि दुसऱ्याच दिवशी ईद. एका घरात कडुनिंब वाटला जात होता, तेव्हा दुसऱ्या घरात शिरखुर्म्यासाठी खारीक भिजत होती.

हिजरी वर्ष चंद्रावर चालतं आणि सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं. म्हणून रमजान दर वर्षी तेवढा अलीकडे सरकतो. २०१८ आणि २०१९ मध्ये तो मे महिन्यात होता, तेव्हा ताटात आंबा आणि कलिंगड होतं. मार्चमध्ये आला तेव्हा बाजारात कैऱ्या उतरू लागलेल्या होत्या. पुढच्या वर्षांत तो थंडीत शिरेल, तेव्हा हरभऱ्याचा डहाळा, बोरं, पेरू आणि गाजरं मिळतील. न शिजवलेल्या ताटाचा हा गुण आहे, ऋतू जसा असेल तसं ते बदलतं. भजी मात्र बारा महिने तीच.

हे ताट भरायला जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. श्रीगोंद्याचं लिंबू, राहात्याचे पेरू, संगमनेर भागातली डाळिंबं आणि टोमॅटो, पारनेरचा मूग. बाजारात दिसणारं ‘भगवा’ हे डाळिंबाचं वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. ‘साई सरबती’ हे लिंबाचं वाणही तिथलंच. खजूर तेवढा बाहेरून येतो.

आता प्रत्यक्ष तयारी. रमजानचं वेळापत्रक भिजवण्यासाठी जणू मुद्दाम आखलेलं आहे. सहरी, म्हणजे पहाटेचं जेवण, आणि संध्याकाळचा इफ्तार यांत बारा-तेरा तासांचं अंतर असतं. कडधान्य भिजायला आणि खजूर पाण्यात उतरायला एवढा वेळ पुरतो.

पहिला पदार्थ म्हणजे खजुराचं पाणी, ज्याला अरबीत नबीज म्हणतात. प्रेषितांसाठी सकाळी भिजवलेले खजूर संध्याकाळी आणि संध्याकाळी भिजवलेले सकाळी दिले जात. चार-पाच खजूर बिया काढून, धुऊन तांब्याभर पिण्याच्या पाण्यात सहरीला टाकायचे आणि झाकून फ्रिजमध्ये किंवा माठाशेजारी गारव्यात ठेवायचे. संध्याकाळी हातानेच कुस्करले की गोड, गढूळ रंगाचं सरबत तयार. साखर लागत नाही. हे पाणी शिळं ठेवू नये. उन्हाळ्यात ते लवकर आंबतं, आणि आंबून नशा चढेल असं पेय इस्लाममध्ये निषिद्धच आहे. म्हणून त्या वेळचं त्याच वेळी संपवावं.

दुसरं, दुधाशिवायचं दूध. पंधरा-वीस बदाम सहरीला भिजवावेत. संध्याकाळी सालं काढून चार बिया काढलेले खजूर आणि दोन पेले पाणी घालून मिक्सरमधून बारीक फिरवावं. गाळलं तर पातळ, न गाळलं तर दाट. बदाम परवडत नसतील तर ओलं खोबरं घ्यावं. एका वाटी खोबऱ्याला दोन वाट्या कोमट पाणी घालून वाटलं आणि फडक्यातून पिळलं की नारळाचं दूध निघतं. त्यात भिजवलेला सब्जा घालावा. उर्दू बोलणाऱ्या घरांत त्याला तुख्मलंगा म्हणतात. चमचाभर सब्जा पाव तासात पेला भरून फुगतो. दिवसभराच्या कोरड्या घशाला तो बरा वाटतो.

तिसरी, मोडाची उसळ, पण न शिजवलेली. पहाटे मूग भिजत घालायचे, इफ्तारनंतर उपसून स्वच्छ ओल्या फडक्यात बांधायचे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढे मोड येतात. ते धुऊन त्यात काकडी, टोमॅटो, डाळिंबाचे दाणे, कोथिंबीर, मीठ आणि श्रीगोंद्याचं लिंबू. लिंबू केवळ चवीला नाही. कडधान्यातलं लोह शरीरात मुरायला लिंबातलं ‘क’ जीवनसत्त्व मदत करतं, आणि ते जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं. म्हणून लिंबू वरून, कच्चंच पिळावं.

चौथी, कैरीची डाळ. हरभरा डाळ चार-पाच तास भिजवून, निथळून जाडसर वाटायची. किसलेली कैरी, ओलं खोबरं, हिरवी मिरची, मीठ, कोथिंबीर घालून कालवायची. एरवी वरून हिंग-मोहरीची फोडणी देतात. चूल पेटवायची नसेल तर फोडणी गाळावी आणि चिमूटभर जिरेपूड घालावी. कैरी आंबट असेल तर दोन खजूर बारीक चिरून टाकावेत. काटेकोर माणूस गूळही नाकारेल, कारण तो काहिलीत उकळूनच होतो, हे उसाच्या या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. पण घरच्या ताटाला एवढे कडक नियम लावायचं कारण नाही. चमचाभर गुळाने काही बिघडत नाही.

कोशिंबिरीत दह्याऐवजी भिजवून वाटलेले शेंगदाणे आणि लिंबू चालतात. गोडाला खजूर, तीळ, किसलेलं सुकं खोबरं आणि चारोळी एकत्र कुटून लाडू वळावेत. तूप लागत नाही, खजुराचा चिकटपणाच त्यांना धरून ठेवतो.

या तयारीला हात लागतात, हे मान्य केलं पाहिजे. धुणं, चिरणं, सोलणं, किसणं हे श्रमच आहेत. फरक एवढा की ते एका जागी बसून, घरातल्या सगळ्यांनी वाटून घेता येतात. उकळत्या तेलासमोर दहा वर्षांच्या मुलाला कोणी उभं करत नाही. डाळिंब सोलायला मात्र तो बसू शकतो. भज्याचा घाणा जमत नाही म्हणणाऱ्या पुरुषालाही काकडी किसता येते. शिवाय ही कामं अजानच्या अर्धा तास आधी संपतात. गरम राहावं म्हणून शेवटच्या क्षणापर्यंत थांबायचं कारणच उरत नाही.

खर्चाचंही सांगायला हवं. रमजानात फळांचे भाव चढतात आणि बदाम सगळ्यांच्या आवाक्यात नसतो. म्हणून न शिजवलेलं ताट म्हणजे फळांची परडी असं समजू नये. मूग, हरभरा डाळ, काकडी, गाजर, लिंबू, शेंगदाणे आणि दोन खजूर एवढ्यावर ते भागतं. तेल आणि गॅस वाचतो, तो वेगळाच.

काही पथ्यं मात्र पाळलीच पाहिजेत. राजमा कधीही कच्चा खाऊ नये. तो नुसता भिजवून खाल्ला तर उलट्या-जुलाब होतात. तो नीट उकळूनच घ्यावा लागतो. मोड यायला जी उबदार ओल लागते, तीच जंतूंनाही मानवते. म्हणून मोड बुळबुळीत झाले किंवा वास आला तर टाकून द्यावेत. गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आजारी व्यक्ती यांनी मोड वाफवून घेणंच बरं. जे शिजणार नाही ते धुण्यात कसूर करू नये. पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून काढावी. फळं चिरून उघड्यावर ठेवू नयेत. मधुमेह असलेल्यांनी खजूर आणि फळांच्या रसाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं. बारा महिने असंच खायचं ठरवणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की ‘बी-१२’ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, ते वेगळं घ्यावं लागतं. इथे सुचवलेली गोष्ट इफ्तारच्या पहिल्या ताटापुरती आहे. नमाजनंतरचं जेवण घरोघरी नेहमीसारखंच होईल, आणि व्हावं.

हा प्रयोग फार मोठ्या माणसानेही करून पाहिला आहे. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ १९१० मध्ये सुरू झालेल्या टॉलस्टॉय फार्मवर गांधीजी आणि त्यांचे मित्र कॅलनबाख यांनी दूध सोडलं आणि फलाहार सुरू केला. कच्चे शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबू आणि ऑलिव्हचं तेल, एवढंच त्यांचं नेहमीचं खाणं होतं. त्याच फार्मवर रमजान आला. मुसलमान मुलांनी रोजे धरावेत म्हणून गांधीजींनी त्यांना उत्तेजन दिलं, आणि हिंदू व पारशी मुलांनाही दिवसभराच्या उपवासात सोबत करायला सांगितलं. या मुलांना पाणी पिण्याची मोकळीक होती. ती सूर्यास्तापूर्वी जेवून घेत आणि मग रोजेदार मित्रांसाठी चांगलंचुंगलं करून त्यांना वाढत. हे सगळं त्यांच्या आत्मकथेत आहे.

पुढे १९२९ मध्ये साबरमतीला गांधीजींनी न शिजवलेल्या अन्नाचा पुन्हा प्रयोग केला, पण पोट बिघडल्यामुळे तो थांबवावा लागला. दुधाचं व्रतही आजारपणात शेळीच्या दुधापाशी येऊन थांबलं होतं. आपल्या शरीराला काय मानवतं ते पाहूनच पुढे जावं, हा त्यातला धडा. मार्च १९४६ मध्ये ते नगरच्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात, उरुळी कांचनला आले आणि तिथे निसर्गोपचाराचं काम सुरू झालं. ते मणिभाई देसाईंनी आयुष्यभर चालवलं. मणिभाईंनीच १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था उभी केली. या संस्थेची साथ पुढे आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांच्या बीज बँकेला मिळाली. २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झालेल्या राहीबाईंनी गावठी वाणांची बियाणं आणि परसबाग जपली. न शिजवता खाणाऱ्या माणसाला या कामाची किंमत लवकर कळते. पानावर फवारलेलं विष कच्च्या घासाबरोबर सरळ पोटात जातं. दारातल्या चार वाफ्यांत लावलेली काकडी, कोथिंबीर, मेथी त्यामुळेच लाखमोलाची.

आता शेजारच्या घराकडे. रमजानात झाकलेली ताटं एका दारातून दुसऱ्या दारात जातात, ही नगरची जुनी रीत. पण देणाऱ्याला संकोच असतो आणि घेणाऱ्याला अडचण. त्यांच्या घरी हे चालेल का? कोणत्या भांड्यात शिजवलं असेल? या प्रश्नांना आपल्याकडे फार जुना इतिहास आहे. शिजवलेलं अन्न कोणाच्या हातचं चालतं, यावर या समाजाने पिढ्यान् पिढ्या भिंती बांधल्या. त्या काळातही फळं आणि कोरडा शिधा त्या भिंती ओलांडून जात होता. ज्या घरचं शिजलेलं चालत नसे, त्या घरचा नारळ चाले. भिंत चुकीची होती, आणि ती आज पुरती पडली आहे असंही नाही. पण दार किलकिलं करायला न शिजवलेलं ताट अजूनही उपयोगी पडतं. त्यात काय आहे ते डोळ्यांना दिसतं, विचारावं लागत नाही.

तरीही पाठवताना समोरच्याचा नेम जाणून घ्यावा. शेजारी वारकरी असेल आणि एकादशी असेल तर कडधान्य नको. खजूर, फळं आणि शेंगदाणे चालतील. शेजारी जैन असेल तर गाजर, कांदा, लसूण नको, मोडाची धान्यंही अनेक घरांत वर्ज्य असतात; फळं आणि सुका मेवा उत्तम. आणि ते ताट सूर्यास्तापूर्वी पोहोचलं पाहिजे, कारण त्यांच्यातले बरेच जण अंधार पडल्यावर खात नाहीत. एकाच मावळत्या सूर्याकडे दोन घरं पाहत असतात. एका घरी तो जाण्याआधी जेवण आटोपायचं असतं, दुसऱ्या घरी तो जाण्याची वाट पाहायची असते. शेजाऱ्याचं ताट आधी पोहोचवून मग आपल्या दस्तरखानावर बसायचं, एवढं साधलं की दोन्ही नेम पाळले जातात. टॉलस्टॉय फार्मवरच्या मुलांनी हेच केलं होतं, फक्त क्रम उलटा होता.

रोज नको. तीस दिवसांतल्या चार-सहा दिवशी तरी घरातल्यांनी ठरवावं की आज कढई चढणार नाही. सुरुवातीला मुलं कुरकुरतील, भज्यांची आठवण काढतील. पण त्या दिवशी अजानच्या आधीची दहा मिनिटं घरातली बाई पदर सावरून सगळ्यांबरोबर बसलेली असेल. तिने काय मागायचं ते तिचं तिने ठरवावं. मागायला वेळ मिळवून देणं हे बाकीच्यांचं काम.